जुना आर्केड बोर्ड दुरुस्त करताना: सोल्डरिंग आयर्न सगळ्यात शेवटी

जुना आर्केड बोर्ड, म्हणजे नाण्यावर चालणाऱ्या व्हिडिओ गेमच्या कॅबिनेटमधला सर्किट बोर्ड, हातात आला की हात शिवशिवतात. गेम चालतो का, ते आत्ताच्या आत्ता बघायचं असतं. बोर्डाचं सगळ्यात जास्त वाटोळं नेमकं त्याच पाच मिनिटांत होतं. माझ्या टेबलावर आलेले बरेचसे बंद बोर्ड म्हातारपणाने कमी आणि आधीच्या कोणाच्या तरी दुरुस्तीने जास्त खचलेले होते. उचकटलेले ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा), करपलेली भोकं, उलटे बसवलेले आयसी, एकाच आयसीच्या पायांवर तीनदा ओतलेलं सोल्डर. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी बघा, मग नोंद करा, मग मोजा, आणि एवढं झाल्यावरही गरज उरली तरच आयर्न तापवा.

इथे लिहितोय ते साधारण १९७८ ते १९९५ या काळातल्या बोर्डांबद्दल. स्पेस इन्व्हेडर्समध्ये (१९७८) इंटेलचा ८०८० आहे, पॅकमॅनमध्ये (१९८०) एक झेड८०, तर गॅलागात (१९८१) तीन झेड८०. प्रोसेसर वेगळे असले तरी बाकीचं शरीर सारखंच: पाच व्होल्टवर चालणारे ७४ मालिकेतले लॉजिक आयसी, थोडी रॅम, काही ईप्रॉम (गेमचा मजकूर ज्यांत लिहिलेला असतो ते रॉम आयसी) आणि कंपनीने स्वतःसाठी बनवून घेतलेले एक-दोन खास आयसी. आयसीचे पाय बोर्डातून आरपार गेलेले असल्यामुळे जवळपास प्रत्येक सिग्नलवर प्रोब टेकवता येतो. आजच्या मोबाइलच्या बोर्डावर ही चैन नाही.

कॅबिनेटमधल्या पिक्चर ट्यूबला या लेखात हात लावणार नाही. तिथे वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो टिकून राहतो. बोर्ड बाहेर काढा, टेबलावर घ्या. कॅबिनेटशिवाय बोर्डाला सप्लाय, बटणं आणि टीव्ही जोडून देणारा डबा मिळतो, त्याला सुपरगन म्हणतात. तो असेल तर काम फारच सोपं.

वीज देण्याआधी

दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आयसीवरची अक्षरं वाचता येतील इतके जवळून. रॉमवरची कागदी लेबलं, कोणता रॉम कोणत्या बेसमध्ये (आयसी खोचायच्या सॉकेटमध्ये) होता, जंपर कुठे लावले होते, सिरीयल नंबर, सगळं टिपून ठेवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल लेबलांवर पडू देऊ नका, शाई पुसली जाते आणि तो आयसी कोण होता हे मग अंदाजावर येतं.

सोल्डरच्या बाजूला लोंबणाऱ्या वायरी दिसल्या की कोणीतरी जुगाड केलाय असं वाटतं. मलाही वाटलं होतं. एका बोर्डावरच्या तीन वायरी मी मोठ्या स्वच्छतेच्या भावनेने काढून टाकल्या आणि त्यानंतर दोन रविवार त्या बोर्डाचा नसलेला दोष शोधत बसलो. त्या वायरी कारखान्यातूनच आलेल्या होत्या. छपाईत राहिलेली चूक तेव्हा कंपन्या अशीच हाताने सुधारत. वायर सगळीकडे सारख्या रंगाची असेल, नीट वळवून चिकटवलेली असेल, तर ती बहुधा मूळची. त्याच गेमच्या दुसऱ्या बोर्डाच्या फोटोशी ताडून बघितल्याशिवाय एकही वायर तोडू नका. फोटोंचा पहिला उपयोग हाच.

मग भिंग घेऊन सावकाश बघा. वाकून बेसबाहेर राहिलेला आयसीचा पाय, फुटलेला सिरॅमिक कपॅसिटर, काठावर आपटून तुटलेला रेझिस्टर, खरचटलेला ट्रॅक. बोर्ड वर्षानुवर्षं एकावर एक रचून ठेवले गेले असतील, तर वरच्या बोर्डाच्या पायांनी खालच्याचे ट्रॅक कापलेले असतात. निम्मे दोष असे नुसत्या डोळ्यांना सापडतात, आणि त्यात काहीच कमीपणा नाही.

बॅटरी

हाय स्कोर लक्षात ठेवण्यासाठी अनेक बोर्डांवर निकेल-कॅडमियमची रिचार्ज होणारी बॅटरी असते. ती फुटते, आणि तिच्यातला क्षार हिरवा-निळा थर धरत ट्रॅकखाली पसरत जातो. बॅटरी चांगली दिसत असली तरी काढाच. हातमोजे घाला, कारण कॅडमियम विषारी आहे, आणि तो सेल घरच्या कचऱ्यात टाकू नका.

गळती झालेली असेल तर फक्त अल्कोहोलने पुसून भागत नाही. गळलेला द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून आधी पांढरं व्हिनेगर ब्रशने लावून तो मारायचा, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं, शेवटी अल्कोहोल. बाधित भागातले बेस उपटून काढा, कारण त्यांच्या पोटात तो द्रव दडून बसतो. ट्रॅकवरचा हिरवा मुलामा काळा पडलाय तिथे खाली तांबं काळवंडलेलं असणार. ते फायबरच्या पेनने चकचकीत होईपर्यंत घासा, नाहीतर सोल्डर त्यावर धरतच नाही. त्यानंतर मीटर बीपवर ठेवून तिथला प्रत्येक ट्रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. वरून अख्खा दिसणारा ट्रॅक आतून खाल्लेला असतो.

आता दुसऱ्या जातीची बॅटरी, जिला हात लावण्याआधी दहादा विचार करायचा. काही कंपन्यांनी नकला रोखण्यासाठी गेमचा प्रोग्रॅम सांकेतिक करून ठेवला आणि तो उलगडायची किल्ली बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या रॅममध्ये ठेवली. बॅटरी संपली की किल्ली गेली, गेम मेला. सेगाच्या काही बोर्डांवरचा एफडी१०९४ हा प्रोसेसरचा डबा असाच, आणि सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कॅपकॉमच्या १९९३ मध्ये आलेल्या सीपीएस-२ चं. त्यातल्या ३.६ व्होल्टच्या लिथियम सेलचा दाब मोजून तारखेसकट लिहून ठेवा. घसरायला लागलाय असं दिसलं तर वेळेत बदला, आणि बदलताना रॅमचा सप्लाय क्षणभरही तुटू देऊ नका. सीपीएस-२ चा संकेत २००७ मध्ये उलगडला गेला आणि २०१६ पासून मेलेल्या बोर्डात मूळ किल्ली परत लिहायची पद्धतही उपलब्ध आहे. स्क्रीनवर नुसता एकच रंग दाखवणारा सीपीएस-२ म्हणूनच आता भंगारात टाकायचा नसतो. पण हे सगळ्या बोर्डांना लागू नाही, तेव्हा ‘मेला तर बघू’ या भरवशावर राहू नका.

सप्लाय, आणि फक्त सप्लाय

१९८५ मध्ये जपानमधल्या उत्पादकांच्या संघटनेने जोडणीचं एक प्रमाण ठरवलं. त्याला जॅमा म्हणतात. बोर्डाच्या काठावर ५६ बोटं (जोडणीच्या धातूच्या पट्ट्या), एका बाजूला २८, दोन बोटांमधलं अंतर ३.९६ मिलिमीटर. त्याआधीच्या बोर्डांची जोडणी ज्याची त्याची. पॅकमॅनचा बोर्ड जॅमाच्या हार्नेसला (कॅबिनेटच्या वायरींच्या जुडग्याला) थेट लावता येत नाही. आणि नुसतं बसतंय म्हणून जॅमा आहे असंही समजू नका. पिनांचा नकाशा हातात असल्याशिवाय काही जोडायचं नाही. नकाशा मिळत नसेल तर ग्राउंड आणि पाच व्होल्टची बोटं मीटरने स्वतः शोधा: १४, १६ किंवा २० पायांच्या लॉजिक आयसीत शेवटचा पाय बहुधा पाच व्होल्ट आणि त्याच्या निम्म्या क्रमांकाचा पाय ग्राउंड. बहुधा म्हणतोय, कारण ७४९० आणि ७४९३ सारख्या काही जुन्या आयसींत पाच व्होल्ट पाचव्या पायावर असतात.

जॅमात सातव्या घरात एक खाच असते, तिच्यात हार्नेसची कळ बसते. बऱ्याच स्वस्त हार्नेसमध्ये ही कळच नसते. मग हार्नेस एक घर सरकून बसला, की त्यातले उणे ५ व्होल्ट बोर्डाच्या अधिक ५ व्होल्टच्या बोटावर जाऊ शकतात. कळ नसेल तर प्लास्टिकचा तुकडा घासून तिथे बसवा. एवढ्याशा कामाने बोर्ड वाचतो.

आता मोजायचं. बोर्ड कशालाही जोडलेला नसताना पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामधला रोध बघा. आयसींनी खचाखच भरलेल्या बोर्डावर तो कमी येतो, पण दोन ओहमच्या खाली असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. पहिला संशय टँटॅलम कपॅसिटरवर घ्यायचा.

सप्लाय बोर्डाविना चालू करून पाच व्होल्टच्या आसपास आहे एवढं पाहा, बंद करा, बोर्ड जोडा, परत चालू करा. यानंतरचं माप हार्नेसवर घ्यायचं नाही. बोर्डावरच्या, कनेक्टरपासून सगळ्यात लांबच्या आयसीच्या पायांवर घ्यायचं. ७४एलएस आयसींना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात, माझ्या मते ५.०० ते ५.०५ वर ठेवावं. सप्लायवर ५.०५ आणि बोर्डावर ४.६ दिसत असतील तर लोक सप्लायची खुंटी पिळून दाब वाढवतात. तसं करू नका. मधले अर्धा व्होल्ट कुठेतरी उष्णता होऊन जातायत, बहुतेक वेळा काळ्या पडलेल्या बोटांवर. पांढऱ्या खोडरबराने आणि अल्कोहोलने बोटं साफ करा, हार्नेसच्या ढिल्या पट्ट्या बदला. सँडपेपर वापरलात तर मुलामाच निघून जातो आणि वर्षभरात बोटं आधीपेक्षा काळी होतात. मी पाहिलेल्या बंद बोर्डांपैकी कित्येक इथेच, आयर्न न तापवता, चालू झाले.

रॉम वाचून ठेवा

दुरुस्ती पुढे जमो न जमो, बोर्डातलं जे दुसरीकडे कुठे नसेल ते आधी वाचवायचं. सगळे ईप्रॉम काढा, प्रोग्रॅमरवर तीन-तीनदा वाचा. तीनही वेळा तोच मजकूर आला पाहिजे. वेगवेगळा आला तर पाय साफ करा, काळे झाले असतील तर हलकेच घासा, परत वाचा. मेम हा इम्युलेटर (जुने गेम संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) ५ फेब्रुवारी १९९७ रोजी पहिल्यांदा प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून त्यात हजारो गेमच्या एकेका रॉमची ओळख नोंदवली गेलीय. तुमच्या फाइलची सीआरसी (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) तिच्याशी जुळली तर रॉम ठीक. जुळली नाही, तर एक तर रॉम खराब आहे किंवा तुमच्याकडे आजवर न नोंदलेली आवृत्ती आहे. दुसरी शक्यता खरी ठरते तेव्हा त्या दिवशी जेवण सुचत नाही.

वाचताना एक फसवणूक होते. २७१६ लिहिलेला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस२७१६ इतरांच्या २७१६ सारखा नाही, त्याला तीन वेगवेगळे दाब लागतात. त्याच कंपनीचा टीएमएस२५१६ मात्र नेहमीच्या २७१६ च्या जागी चालतो. नवा रॉम लिहितानाही आयसीवरची पूर्ण अक्षरं वाचा: इंटेलच्या २७३२ ला लिहिताना २५ व्होल्ट लागतात, २७३२ए ला २१. स्वस्त प्रोग्रॅमर तेवढा दाब देतच नाहीत.

ईप्रॉमच्या काचेच्या खिडकीवर लेबल असायलाच हवं. २७१६ च्या माहितीपत्रकातच लिहिलंय की थेट उन्हात साधारण आठवड्याभरात आणि ट्यूबलाइटच्या सततच्या उजेडात तीनेक वर्षांत त्यातला मजकूर पुसला जाऊ शकतो.

ईप्रॉमवर थांबू नका. छोटे बायपोलर प्रॉमही (एकदाच लिहिता येणारे रॉम) वाचा. पॅकमॅनचे रंग ८२एस१२३ नावाच्या अवघ्या ३२ बाइटच्या आयसीत आहेत. पॅल आयसी (ज्यांच्यात कंपनीने आपलं लॉजिक भरलेलं असतं) कुलूपबंद नसतील तर तेही वाचा. रॉमचा मजकूर मिळतो, पण पॅलचा नसतो म्हणून कित्येक बोर्ड अडून बसलेत.

दोष शोधणं

लॉजिक प्रोब (सिग्नल शून्य की एक ते दाखवणारं पेन) पुरतो, ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम. ०.८ व्होल्टच्या खाली शून्य, २ च्या वर एक. मधे दीड व्होल्टच्या आसपास कोणी आडवा पडला असेल तर तो सिग्नल कोणीच चालवत नाहीये: ट्रॅक तुटलाय, किंवा आयसीचं आउटपुट मेलंय, किंवा तो सामाईक बसवरचा (अनेक आयसी पाळीपाळीने वापरतात त्या तारांवरचा) आयसी असून सध्या त्याची पाळी नाही. ही तिसरी शक्यता विसरल्याने मी बरेच चांगले आयसी बदललेत.

स्क्रीनवर कचरा येऊन काहीच हलत नसेल तर प्रोसेसरपासून सुरू करा. झेड८० मध्ये पाच व्होल्ट ११ व्या पिनवर, ग्राउंड २९ वर. सहाव्या पिनवर क्लॉक (प्रोसेसरचा ताल ठरवणारे ठोके) हवा. पॅकमॅनमध्ये १८.४३२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला सहाने भागून तो ३.०७२ मेगाहर्ट्झ होतो. क्लॉक नसेल तर क्रिस्टलपासून एकेक भागाकार तपासत खाली या.

मग २६ वी पिन, रिसेट. चालू करताना क्षणभर शून्य, मग कायम एक. ती ठरावीक तालात लुकलुकत असेल तर वॉचडॉग भुंकतोय. हे एक मोजणी करणारं सर्किट असतं: प्रोग्रॅमने त्याला वेळोवेळी शांत केलं नाही तर ते प्रोसेसरला परत सुरुवातीला ढकलतं. पॅकमॅनमध्ये ही मुदत १६ फ्रेमची, म्हणजे पाव सेकंदाच्या आसपास. वॉचडॉग दोषी नाही, तो ओरडून सांगतोय की प्रोग्रॅम नीट चालत नाहीये. त्याला तात्पुरतं गप्प करा, म्हणजे मोजायला उसंत मिळेल, आणि तीन ठिकाणी बघा: प्रोग्रॅमचे रॉम, कामाची रॅम, आणि पत्ता उलगडून कोणाला हाक मारायची ते ठरवणारे आयसी. नवशिके सगळ्यात आधी प्रोसेसर बदलतात. तो फार क्वचित गेलेला असतो.

गेम चालतोय पण चित्र बिघडलंय, असा बोर्ड मिळाला तर नशीब समजा. प्रोसेसरची बाजू ठीक आहे, आणि दोष काय तो पडद्यावर लिहिलेला आहे. पार्श्वभूमी नीट पण फक्त पात्रं फाटलेली असतील, तर स्प्राइटचे (हलत्या पात्रांचे) रॉम आणि त्यांची लाइन बफर रॅम. आकार बरोबर पण रंग विचित्र, तर रंगांची रॅम किंवा प्रॉम. एकच मूळ रंग पूर्ण गायब, तर शेवटच्या टप्प्यावरचे रेझिस्टर आणि हार्नेस. अक्षरं ठरावीक अंतराने दुहेरी दिसत असतील, तर पत्त्याची एक तार अडकलीय. चित्र वर सरकत असेल तर सिंक (पडद्यावर चित्र जागेवर धरणारा सिग्नल). पात्राच्या चुकीतली नियमितता मोजा. दर आठ ठिपक्यांना एक उभी रेघ म्हणजे आठातला एक बिट मेलाय.

एखाद्या आयसीचा संशय आला की त्याचं माहितीपत्रक उघडा आणि आत काय जातंय, बाहेर काय यायला हवं, ते ताडा. आत हालचाल आहे आणि बाहेर दीड व्होल्टवर सपाट रेघ, तर आयसी गेला. बोर्ड बंद करून तसाच चांगला आयसी त्याच्या पाठीवर पायाला पाय लावून बसवायची जुनी युक्ती आहे. आउटपुट नुसतं मुकं झालं असेल तर ती लागू पडते. पण ते शून्याला घट्ट चिकटलेलं असेल, तर वरच्या आयसीलाही त्याला हलवता येत नाही. तेव्हा युक्ती फसली म्हणजे आयसी चांगला असा निष्कर्ष काढू नका. बोटाला चटका देणारा आयसी संशयित खरा, पण २११४ सारख्या रॅम तब्येत ठणठणीत असतानाही तापतात.

आवाजाचं थोडक्यात: आधी व्हॉल्यूमची खुंटी चार-पाच वेळा फिरवा, मग ॲम्प्लिफायरला १२ व्होल्ट मिळतायत का पाहा, मग त्याच्याभोवतीचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. १९९० च्या आसपासच्या काही बोर्डांवर छोटे पृष्ठभागी कपॅसिटर गळतात आणि मासळीसारखा वास येतो. ते सगळेच बदलायचे. बाकी चांगल्या बोर्डावरचे सगळे कपॅसिटर सरसकट बदलण्याची मात्र मला गरज वाटत नाही.

आता आयर्न

आयसी मेलाय याची खात्री झालीय. तो आता कचरा आहे, बोर्ड नाही. म्हणून आयसी वाचवायचा प्रयत्न करू नका. बारीक कटरने त्याचे पाय अंगाजवळ कापा, धड बाजूला काढा, आणि एकेक पाय तापवून चिमट्याने ओढा. ओढा म्हणजे सोल्डर वितळल्यावर तो आपसूक यायला हवा. जोर लावला की भोकाचं अस्तर पायाबरोबर बाहेर येतं. भोक साफ करायच्या आधी त्यात नवं ६०/४० सोल्डर आणि फ्लक्स घाला, जुनं कोरडं सोल्डर त्यात मिसळतं आणि पंपाने एका दमात निघतं. ग्राउंडचे पाय उशिरा वितळतात, कारण जाड तांबं उष्णता पळवतं. तिथे तापमान वाढवत नेण्यापेक्षा जाड टोक वापरा.

मेलेला आयसी दुर्मिळ असेल किंवा नुसता संशयावरून काढायचा असेल, तरच पंपाने पूर्ण काढा. नव्या आयसीआधी गोल पायांच्या, वळवून बनवलेल्या पिनांचा बेस लावा. बेस बसवण्याआधी प्रत्येक भोकाचा वरच्या आणि खालच्या ट्रॅकशी संबंध आहे का ते बीप करून बघा. एकदा बेस बसला की वरची बाजू झाकली जाते. तुटलेल्या ट्रॅकला बारीक वायर लावा, आणि ती कुठून कुठे नेली ते फोटोसकट टिपा. पुढचा माणूस ती काढून टाकायला नको.

खास आयसी, ज्यांची माहितीपत्रकं कधी बाहेर आलीच नाहीत, त्यांना शेवटपर्यंत हात लावू नका. त्यांच्याभोवतीचं सगळं निर्दोष ठरल्यावरच त्यांच्यावर संशय घ्या. नकली बोर्ड इथे उपयोगी पडतात. नक्कल करणाऱ्यांकडे ते खास आयसी नव्हते, म्हणून त्यांनी तेच काम बाजारातल्या साध्या ७४ मालिकेच्या आयसींनी केलं. त्यांचा अभ्यास केला की मूळ आयसी आत काय करत असेल ते कळतं, आणि नकली बोर्ड स्वतःही दुरुस्तीला सोपा असतो.

ठेवणं

प्रत्येक बोर्ड वेगळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत, उभा, पुस्तकांसारखा. साधा बबल रॅप थेट बोर्डाला लावू नका. काळा वाहक फोम आयसीचे पाय खोचायला सोयीचा दिसतो, पण वर्षांनी तो चिकट होतो आणि पाय गंजवतो, म्हणून सुटे आयसी नळीत ठेवा. पिशवीत सिलिका जेलची पुडी, रबरबँड कुठेच नाही. माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात भाजतं आणि पावसात ओल येते.

पिशवीबाहेर एक कागद चिकटवा: गेमचं नाव, जोडणी जॅमा की वेगळी, कोणते आयसी बदलले, बॅटरी आहे का आणि असेल तर शेवटी किती व्होल्ट दाखवत होती. सहा महिन्यांनी एकदा बोर्ड बाहेर काढा, तासभर चालवा, बॅटरी मोजा आणि त्याच कागदावर तारीख टाका.